एकवीस गोळ्यांची स्ट्रिप

पायरिडोस्टिग्मिन हे औषध दोन प्रकारच्या माणसांच्या खिशात सापडतं. एक म्हणजे मायस्थेनिया ग्रॅव्हिसचे रुग्ण, ज्यांच्या पापण्या आणि हातपाय संध्याकाळपर्यंत थकून गळून जातात. त्यांची गोळी सहसा ६० मिलिग्रॅमची. दुसरे सैनिक. त्यांची गोळी ३० मिलिग्रॅमची आणि स्ट्रिप २१ गोळ्यांची. दर आठ तासांनी एक, म्हणजे बरोबर एका आठवड्याचा शिधा. सोमान नावाच्या नर्व्ह गॅसच्या हल्ल्याची धास्ती असेल तर ती आधीपासून सुरू करायची असते. १९९१ च्या आखाती युद्धात सुमारे अडीच लाख अमेरिकी सैनिकांनी ती कमीअधिक दिवस घेतली. ती इस्रायलमध्येही होती, आणि तिथल्या डॉक्टरांनी त्याच वर्षी नऊ जणांची हकिगत छापली. या नऊ जणांनी गोळ्या स्वतःहून भरमसाट घेतल्या होत्या.

या नऊ जणांवरून वाद होऊ शकतो. खाली तो घातला आहे. वाद घालणारे दोघे मी रचलेले आहेत. एक औषधशास्त्र शिकवून निवृत्त झालेले सर. दुसरी त्यांची जुनी विद्यार्थिनी, विदर्भातल्या एका अतिदक्षता विभागात कीटकनाशकांच्या विषबाधेचे पेशंट सांभाळणारी डॉक्टर. मुद्दे खरे आहेत, आणि मध्येच तोंड घालणारा मीही खरा.

सर: दिवसाला ९० मिलिग्रॅम घ्यायचं औषध. यांनी एकदम ३९० पासून ९०० पर्यंत घेतलं. पोटात कळा, जुलाब, उलट्या, लाळ गळणं, लघवीवर ताबा न राहणं, स्नायू फडफडणं, अशक्तपणा, अंधूक दिसणं. काही मिनिटांत सुरू झालं आणि २४ तासांच्या आत ओसरलं. बहुतेकांचं पोट धुतलं, कोळशाची पूड दिली. अ‍ॅट्रोपिनचा उतारा मोजक्यांनाच लागला. सगळे सुखरूप. माझ्या मते विषय इथेच संपतो.

ती: सर, नऊ जण, तेही तरुण आणि धडधाकट. तुमच्या तासाला कुणी नऊ पेशंटांवरून निष्कर्ष काढला असता तर त्याला तुम्ही बाकावर उभं केलं असतंत.

सर: केलं असतं. पण माझा आधार नऊच नाही. मायस्थेनियाचे रुग्ण दिवसाला ६०० मिलिग्रॅमपर्यंत घेतात, वर्षानुवर्षं. सौदी वाळवंटातल्या ४१,६५० अमेरिकी सैनिकांची पाहणी तेव्हाच प्रसिद्ध झाली. निम्म्याहून जास्त जणांच्या पोटाची तक्रार होती, काहींना सारखं लघवीला जावं लागत होतं. पण त्रासामुळे गोळी बंद करावी लागलेले हजारात एकही नव्हते.

ती: ते झालं नेमून दिलेल्या मात्रेचं. ओव्हरडोसबद्दल त्यातून काहीच कळत नाही. आणि मायस्थेनियाच्या स्नायूला त्या औषधाची गरज असते, निरोगी स्नायूला नसते. शिवाय तेच मायस्थेनियाचे पेशंट गोळी जास्त झाली की आमच्याकडे कोलिनर्जिक क्रायसिसमध्ये येतात. रोग वाढला म्हणून दम लागला की गोळी वाढली म्हणून, हे ठरवताना भल्याभल्यांची तारांबळ उडते.

मी मध्येच विचारलं, की विषापासून वाचवणारी गोळी स्वतःच विषासारखी का वागते? सरांना असा प्रश्न हवाच होता.

सर: कारण ती त्याच कुळातली आहे. मज्जातंतूकडून स्नायूकडे संदेश नेणारं रसायन म्हणजे अ‍ॅसिटिलकोलिन. काम झालं की कोलिनेस्टरेज नावाचं एन्झाइम ते लगेच तोडून टाकतं. नर्व्ह गॅस त्या एन्झाइमला चिकटतो आणि ते निकामी करतो. मग संदेश थांबतच नाही. ग्रंथी पाझरत राहतात, स्नायू आधी फडफडतात आणि नंतर लुळे पडतात. सारिन नावाचा नर्व्ह गॅस चिकटला तर ती पकड पक्की व्हायला पाचेक तास लागतात, तेवढ्यात पॅमसारखं औषध ती सोडवू शकतं. सोमानला दोन मिनिटं पुरतात. दोन मिनिटांत कोण इंजेक्शन काढून टोचणार? म्हणून आधीची व्यवस्था. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं. ही गोळी २० ते ४० टक्के एन्झाइमवर रुमाल टाकून ठेवते. सोमान आला की उरलेल्या जागा बळकावतो, पण रुमालाच्या जागा त्याला मिळत नाहीत. पुढे रुमाल आपोआप निघतो आणि तेवढं एन्झाइम कामाला मोकळं होतं. जगायला तेवढं पुरतं, अर्थात वर अ‍ॅट्रोपिन आणि पॅम दिलं तर. नुसत्या गोळीने कुणी वाचत नाही.

ती: आणि ओव्हरडोस म्हणजे जवळजवळ सगळ्या जागांवर रुमाल.

सर: बरोबर. पण शेवटी ते रुमालच. निघणारच. औषधाचं रक्तातलं अर्धं आयुष्य साधारण तीन तासांचं, आणि बरंचसं लघवीवाटे जातं. म्हणून मी म्हणतो, ही बाधा स्वतःच्या पायाने येते आणि स्वतःच्या पायाने जाते. डॉक्टरने तिला धक्के मारू नयेत.

ती: जाते खरी. जाईपर्यंत पेशंटचा श्वास चालला पाहिजे.

वादाचं मूळ इथे आहे. सरांना धास्ती अतिउपचाराची; तिला धास्ती त्या चार-सहा तासांची, ज्यात पेशंट बरा दिसत असतो. दोघांना ज्याची धास्ती वाटते ते दोन्ही घडू शकतं, त्यामुळे मी कुणाचीच बाजू घेण्याची घाई केली नाही.

सर: बरं, माणूस आला. तुझ्या हातून काय काय होईल, क्रमाने सांग.

ती: आधी अंगावरून नजर. लाळ किती, छातीत घरघर आहे का, नाडी मंद आहे का. तासाभरात आला असेल, गिळू शकत असेल आणि उलट्या थांबल्या असतील तर कोळशाची पूड. पोट धुण्याची मला आता फारशी हौस राहिलेली नाही. लाळेने तोंड भरलेल्या माणसाच्या घशात जाड नळी घालायची म्हणजे फुप्फुसात पाणी जायला आमंत्रण. मग अ‍ॅट्रोपिन. आमच्याकडे ०.६ मिलिग्रॅमच्या अँप्युल असतात. तीनपासून सुरुवात. पाच मिनिटांनी स्टेथोस्कोप लावायचा. छाती अजून ओलीच असेल तर दुप्पट.

सर: हीच ती कीटकनाशकाची सवय! शेतावरचं ऑरगॅनोफॉस्फेट प्यालेल्याला लागतं ते प्रमाण इथे लावू नकोस. तिथे विष दिवसेंदिवस शरीरात फिरत असतं. इथे गोळ्या आहेत, मोजून सांगता येतात, दिवसभरात उतरणार आहेत. पोटात कळा आल्या म्हणून अ‍ॅट्रोपिन देणं मला पटत नाही. छाती ओली, दम लागतोय, नाडी घसरतेय, तरच.

ती: हे मला मान्य. जुलाब थांबवायला मी अ‍ॅट्रोपिन देत नाही. बाहुल्या मोठ्या होण्याची वाटही बघत नाही. छाती कोरडी, नाडी ८० च्या वर, रक्तदाब ठीक, झालं. त्यापुढे एक थेंब नाही. आमच्या मे महिन्यात अ‍ॅट्रोपिन जास्त झालेला पेशंट घामच येत नाही म्हणून तापाने फणफणतो, पोट फुगतं, लघवी तुंबते आणि तो पलंगावर उभा राहून भिंतीवरची माणसं दाखवायला लागतो. वाळवंटातल्या तंबूतही हेच होणार.

सर: वाळवंटाचंच सांगतो. त्या आखाती युद्धाच्या हिवाळ्यात इस्रायलमध्ये क्षेपणास्त्रं पडत होती. नागरिकांना मास्कसोबत अ‍ॅट्रोपिनचं आपोआप टोचणारं इंजेक्शन दिलं होतं. गॅस आलाच नाही. पण घाबरून, चुकून, मुलांच्या हाती लागून इंजेक्शनं टोचली गेली. अ‍ॅट्रोपिनमुळे दवाखान्यात आलेल्या मुलांचीच संख्या २४० च्या घरात होती. म्हणजे एकाच युद्धात, एकाच देशात, एका बाजूला प्रतिबंधक गोळीचे नऊ ओव्हरडोस आणि दुसऱ्या बाजूला उताऱ्याचे शेकडो. उताऱ्याचं भय मी उगाच बाळगत नाही.

मला हा तपशील फार बोलका वाटतो. ही दोन्ही औषधं एकमेकांच्या उलट दिशेने ओढतात, हे दीडशे वर्षांपूर्वीच माहीत झालेलं आहे. पायरिडोस्टिग्मिनचा पूर्वज फायसोस्टिग्मिन. तो आजच्या नायजेरियातल्या कॅलाबार भागात मिळणाऱ्या एका वेलीच्या बीमधून आला. तिथे आरोपीला ही बी खायला लावून न्याय करत: ओकला तर निर्दोष, मेला तर दोषी. १८६४ मध्ये प्रागमध्ये अ‍ॅट्रोपिनची बाधा झालेल्यांना याच बीचा अर्क उतारा म्हणून दिला गेला. आज आपल्या प्रत्येक ऑपरेशन थिएटरात भूल उतरवताना याच कुळातलं निओस्टिग्मिन देतात आणि त्याच्या जोडीला अ‍ॅट्रोपिन किंवा ग्लायकोपायरोलेट. नाग चावलेल्याला ग्रामीण रुग्णालयात देतात तेही आधी अ‍ॅट्रोपिन, मग निओस्टिग्मिन. म्हणजे ज्या गोळीचं नाव लष्करी वाटतं, तिच्या ओव्हरडोसचं ज्ञान आपल्या तालुक्याच्या गावीही आहे. फक्त तिथे त्याला कुणी असं नाव दिलेलं नाही.

ती: तुम्ही कॅलाबारचं काढलंत म्हणून आठवलं. सर नेहमी क्रिस्टिसनची गोष्ट सांगायचे.

सर: रॉबर्ट क्रिस्टिसन, एडिंबराचे प्राध्यापक. १८५५ मध्ये त्यांनी या बीचा तुकडा स्वतःच खाऊन पाहिला. जास्त झालंय हे लक्षात येताच दाढीसाठी ठेवलेलं साबणाचं पाणी पिऊन ओकारी काढली. हातपाय गळाले, नाडी क्षीण झाली. पण डोकं शाबूत. पडल्या पडल्या ते स्वतःच्या लक्षणांची नोंद करत होते. विष चाखून बघण्याची हौस त्या पिढीलाच होती.

ती: मला त्यातलं डोकं शाबूत राहणं महत्त्वाचं वाटतं. फायसोस्टिग्मिन तरी मेंदूत शिरू शकतं. पायरिडोस्टिग्मिनच्या रेणूवर कायमचा विद्युतभार असतो, त्यामुळे ते मेंदूत जवळजवळ जातच नाही. त्या नऊ जणांत एकालाही मेंदूचं लक्षण नव्हतं, फिट नाही, बेशुद्धी नाही. सारिन किंवा शेतावरचं औषध प्यालेला माणूस झटके देतो, बेशुद्ध पडतो. त्याला काय होतंय ते त्याला कळत नाही. इथे सगळं कळतं. आता जरा डोळ्यांसमोर आणा. माणूस पूर्ण जागा आहे. मांडीच्या कातडीखाली स्नायू वळवळताहेत, ते तो बघतोय. मान उचलायला सांगितली तर उशीवरून वर येत नाही. आवाज अनुनासिक झालाय. एका श्वासात आकडे मोजायला सांगितले तर आधी वीसपर्यंत गेला होता, आता अकरालाच थांबतो.

सर: हं. अ‍ॅट्रोपिन इथे काही करत नाही.

ती: अजिबात करत नाही. अ‍ॅट्रोपिन लाळ सुकवतं, छाती सुकवतं, नाडी वाढवतं. स्नायूंमधला घोटाळा त्याच्या हद्दीत नाही. आणि नेमकं तिथेच नवशिक्यांची फसगत होते: छाती कोरडी झाली, मॉनिटरवर नाडी छान, पेशंट सुधारला असं लिहून सगळे जेवायला जातात. मानेकडे कुणी बघत नाही. मी निवासी डॉक्टरांना सांगून ठेवलंय, दर तासाला मान आणि आकडे. रक्तातला ऑक्सिजन घसरायची वाट बघायची नाही, तो शेवटी घसरतो.

सर: आणि मान पडली तर?

ती: ट्यूब आणि व्हेंटिलेटर. त्यात दोन गोष्टी. ट्यूब टाकताना सक्सिनिलकोलिन द्यायचं नाही. ते ज्या एन्झाइमने विरघळतं तेच या गोळीने अडवलेलं असतं, म्हणजे काही मिनिटांचं लुळेपण कितीतरी लांबतं. दुसरी गोष्ट, झोपेचं औषध द्यायलाच हवं. बेशुद्ध पेशंटला आपण व्हेंटिलेटरवर टाकतो, इथे शुद्धीतल्या माणसाला टाकतोय. त्याला हलता येत नाही म्हणून तो शांत आहे असं समजू नये.

सर काही वेळ गप्प बसले. मला वाटलं, इथे तिने बाजी मारली. पण सरांची खोड अशी, की हरल्यासारखे वाटले की ते दुसऱ्या दाराने येतात.

सर: मग तू माझ्याच बाजूला आलीस. डोकं शाबूत राहणारी ही विषबाधा, तीत अ‍ॅट्रोपिनने डोकं बिघडवायचं कशाला? ग्लायकोपायरोलेट दे. तेही मेंदूत जात नाही. गोळी मेंदूबाहेर, उतारा मेंदूबाहेर. पेशंट बोलत राहतो, तुला मान तपासता येते, आकडे मोजून घेता येतात. अ‍ॅट्रोपिनने भ्रमिष्ट झालेल्याकडून तू वीस कसे मोजून घेणार?

ती: हे सोळा आणे खरं. पण भूलतज्ज्ञाच्या कपाटाबाहेर ग्लायकोपायरोलेट पुरेसं असतं का? प्राथमिक आरोग्य केंद्रात काय आहे? अ‍ॅट्रोपिन आहे. नर्सला त्याची सवय आहे. आणि छातीत पाणी भरतंय तेव्हा हाताला लागेल ते. दमात असलेल्याला भ्रम परवडतो, गुदमरणं परवडत नाही. पुढे स्थिर झाला की बदलू.

यावर दोघांचं जमलं. जमलं नाही ते पॅमवर, आणि माझ्या मते या लेखातला खरा डॉक्टरी वाद तोच.

सर: पॅम द्यायचं नाही. पॅमचं काम पकड सोडवण्याचं, आणि इथे पकड आपली आपण सुटते. कार्बारिल नावाचं कीटकनाशक याच कार्बामेट कुळातलं. त्याच्या प्राण्यांवरच्या प्रयोगांत पॅमसारख्या औषधांनी बाधा उलट वाढली होती. फायदा शून्य, धोका थोडा का होईना, आहे.

ती: स्ट्रिप हातात घेऊन आला तर नाही देणार. पण युद्धाची रात्र आहे, माणूस लाळ गाळत आणलाय, कुणाला काही माहीत नाही. गॅस लागला की गोळ्या खाल्ल्या? की आधी गोळ्या घेतल्या आणि मग गॅस लागला? तेव्हा मी पॅम देणार.

सर: बघून कळतं. गॅस हवेतून येतो, म्हणून आधी डोळे आणि नाक: टाचणीएवढ्या बाहुल्या, नाक वाहणं, छाती आवळणं, मग झटके. गोळी पोटातून येते, म्हणून आधी पोट. शिवाय शुद्ध हरपत नाही.

ती: पाठ्यपुस्तकात कळतं. दोन मिनिटांत पकड पक्की होणारं विष असेल तर निदान करण्याइतका वेळ माझ्याकडे नसतो. रक्तातल्या कोलिनेस्टरेजचं सांगाल तर कार्बामेटमध्ये तो आकडा फसवा. नमुना परीक्षानळीत पडून राहिला तरी एन्झाइम मोकळं होत राहतं, आणि उशिरा तपासलं तर बाधा कमी वाटते.

सर: पॅमच्या भरवशाबद्दल तुझा अनुभव काय? प्रामाणिकपणे सांग.

ती: अनुभवाचं सोडा, अभ्यासच एकमेकांशी भांडतात. बारामतीत २०० पेशंटांवर झालेला, २००६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेला अभ्यास सांगतो की शेतावरच्या ऑरगॅनोफॉस्फेटमध्ये पॅम जास्त मात्रेत सतत चालू ठेवलं तर मृत्यू घटतात. २००९ मध्ये श्रीलंकेतला अभ्यास आला, त्यात फायदा दिसला नाही. बारामतीला पेशंट लवकर पोचत होते, तिथला अतिदक्षता विभाग चांगला होता, विषं वेगळी होती, असे खुलासे आहेत. पण माझ्या दारात आलेल्याला मी खुलासे देऊ शकत नाही.

सर: म्हणजे जिथे पॅमचं काम आहे तिथेही ते वादातलं. आणि जिथे त्याचं कामच नाही तिथे तू ते देणार.

ती: कुठे आहोत ते माहीत नसेल तर देणार. माहीत असेल तर नाही. यात मला विसंगती दिसत नाही.

सरांना दिसली. मला नाही. गोळ्यांचा ओव्हरडोस झालेल्याला एकदा पॅम दिल्याने होणारं नुकसान आणि नर्व्ह गॅसच्या पेशंटला ते न दिल्याने होणारं नुकसान यांची बरोबरी होत नाही. मात्र सैनिकी तळावर नोंदवही असते, स्ट्रिप असते, कोणाची किती गेली ते मोजता येतं. तिथे ‘माहीत नाही’ हे उत्तर आळसाचंही असू शकतं. सरांच्या हट्टाला एवढं तरी द्यावं लागेल.

सैनिकी तळाचा विषय निघाल्यावर बोलणं साहजिकच संमतीवर गेलं, म्हणजे ही गोळी सैनिकांना विचारून दिली होती का यावर. डिसेंबर १९९० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने असा नियम केला, की युद्धात सैनिकाची संमती न घेताही लष्कर त्याला प्रायोगिक औषध देऊ शकेल. एका सैनिकाने त्याविरुद्ध केलेला दावा १९९१ मध्ये अपील कोर्टातही टिकला नाही. पुढे १९९८ च्या कायद्याने संमती माफ करण्याचा अधिकार एकट्या राष्ट्राध्यक्षांकडे गेला. सोमानविरुद्धच्या वापरासाठी या गोळीला रीतसर मंजुरी मिळाली ती फेब्रुवारी २००३ मध्ये, माकडं आणि गिनीपिगवरच्या पुराव्यावर. माणसाला सोमान देऊन बघणं शक्यच नव्हतं. ‘प्राण्यांवरच्या पुराव्या’च्या त्या खास नियमाखाली मंजूर झालेलं हे पहिलं औषध.

ती: आणि युद्धानंतर लाखो सैनिक थकवा, दुखणी, विसरभोळेपणा घेऊन परतले. २००८ मध्ये त्यांच्याच सरकारने नेमलेल्या समितीने या गोळीकडे आणि कीटकनाशकांकडे बोट दाखवलं. तुम्ही सारखं सौम्य, सौम्य म्हणता ते मला त्यासाठी टोचतं.

सर: २००० मध्ये दुसऱ्या एका मान्यवर संस्थेने पुरावा अपुरा ठरवला होता, तेही सांग. शिवाय तो प्रश्न रोज थोडी घेतल्याचा, इतर रसायनांच्या जोडीने घेतल्याचा. आपण एका रात्रीत जास्त घेतलेल्याबद्दल बोलतोय. दोन्ही एका पिशवीत घालू नकोस.

इथे मी सरांच्या बाजूचा आहे. तिने पुढे ताणलं नाही.

ती: मग रात्रीचंच बोलू. सोडायचं कधी?

सर: २४ तास. लक्षणं गेली, मान वर आली, घरी.

ती: मूत्रपिंड ठणठणीत असेल तर. तीनचतुर्थांश औषध तिथून जातं. डायलिसिसवरचा म्हातारा मायस्थेनियाचा पेशंट चुकून दुप्पट गोळ्या घेऊन बसला तर तुमचे २४ तास भिंतीवरच्या घड्याळापुरतेच. दमेकरी असेल तर छाती आवळेल. हृदयाचा ठोका आधीच मंद असेल तर आणखी मंदावेल. तुमच्या नऊ जणांत असा एकही नव्हता.

सर: कबूल. म्हाताऱ्याला ठेव. सैनिकाला सोड.

ती: सैनिकाला तर मुळीच सोडणार नाही. सर, त्या नऊ जणांनी गोळ्या स्वतः घेतल्या होत्या. स्ट्रिप त्यांना आठवडाभर जगवायला दिली होती. तुम्ही पोटाच्या कळा मोजल्यात, एन्झाइम मोजलंत. रात्री सायरन वाजताहेत, आणि एक पोरगा स्ट्रिपमधल्या गोळ्या एकामागून एक हातावर काढतोय, त्याचं काय? माझ्याकडे कीटकनाशक पिऊन आलेलाही वाचला की चौथ्या दिवशी घरचे रिक्षा बोलावतात. मानसोपचाराचा कॉल मी पहिल्याच रात्री लिहून ठेवते.

सर: पहिल्या रात्री? मानसोपचारतज्ज्ञ वैतागतील. पेशंट शुद्धीवर तरी येऊ दे, मग बोलव त्यांना.

ती: या गोळीत शुद्ध जातच नाही, सर. पहिल्या तासापासून तो बोलू शकतो.